गप्प बसायचं ठरलं

२ फेब्रुवारी

तेजस्वीची एम.ए.ची परीक्षा जवळ आली. सकाळपासून घोकते आहे — गोएस्ट, गोएथ, हॅथ. मी भाकऱ्या थापत होते. विचारलं, हे कसलं गो इंग्रजी? टीव्हीवर तर असं कोण बोलत नाही. म्हणाली, "जुनं आहे आई. तेव्हा क्रियापदं अशी होती." मग मेली का ती? तर म्हणे पुस्तकांत आहेत, आणि तिकडच्या खेड्यांत म्हातारी माणसं त्यातलं काहीबाही अजून बोलतात.

साहेबाच्या देशात खेडी! मला वाटायचं सगळे सुटाबुटातच जन्मतात.

३ फेब्रुवारी

तिथल्या खेड्यातलं एक वाक्य सांग म्हटलं. "आय बी गोइंग." शहरात 'ॲम' म्हणतात. मासे आणायला निघताना शेजारच्या सोनूबाईला ऐकवलं. ती म्हणते, "डोक्यावर पडलंस काय गो?"

५ फेब्रुवारी

रविवारी तेजस्वीला बघायला येणार. मुलगा पनवेलला कॉलेजात इंग्रजीच शिकवतो. दोघं फोनवर बोललीत, हिला आवडलाय. चांगलंच आहे.

पण नजर चुकवून म्हणाली, "आई, त्यांच्यासमोर जास्त बोलू नकोस हं. खय, मी जातंय, मी येतंय — निघतंच तुझ्या तोंडातून."

मी नाटे गावची. तिथे माझी आई असंच बोलायची. विचारलं, त्या इंग्रज म्हातारीलाही तिची पोरगी गप्प बसवते काय?

ती पुस्तक उचलून आत गेली.

६ फेब्रुवारी

नाही बोलणार. तिचं जमू दे.

८ फेब्रुवारी, रविवार

एक शब्द काढला नाही. पोहे दिले, मान हलवली. मुलाच्या आजीने माहेर विचारलं, मी हसले, चहा पुढे केला. स्थळ आणलं ती यमुनाबाईच माझ्या वाटचं बोलली. तेजस्वी माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बघत राहिली.

जाताना आजीने माझा हात धरला आणि एकेक शब्द तोडून, मोठ्याने — "काळजी. करू. नका." मी काय बहिरी आहे?

१० फेब्रुवारी

यमुनाबाईचा फोन. मुलगी पसंत. फक्त आजी विचारते, विहीणबाई जन्मापासून मुक्या, की मागून वाचा गेली?

मी हसत सुटले. तेजस्वी हसली नाही. तिने आजीला फोन लावला, माझ्या कानाला धरला. डोळे भरलेले. "बोल आई. तुझंच बोल."

मी म्हटलं — आजी, नाट्याची शालन बोलतंय.