नर्सबाईंचा हेवा

माधवनगर, गुरुवार, १२ ऑगस्ट १९७६

आज मला एका नर्सबाईचा हेवा वाटला. लिहितानाही लाज वाटते.

सहा वर्षं यांच्या डोक्याच्या गोळ्या मीच दिल्या. "इख घालतीस मला," म्हणत हे ताट भिरकावायचे. आता सांगलीच्या दवाखान्यात महिन्याला एक सुई देतात. कानातले आवाज थांबले, हे पुन्हा गिरणीत कामाला जाऊ लागले. मग माझं काय दुखतं?

आज सुई घेतल्यावर हे बाईंना हसून म्हणाले, "तुमच्यामुळं जगलो बगा." मी शेजारीच उभी होते. सहा वर्षांत माझ्याकडं बघून असं हसले नाहीत.

यांचे हात मात्र थरथरतात. डॉक्टर म्हणाले, "सुईचाच परिणाम आहे. अंगात गेलेलं औषध परत काढता येत नाही. थरथर कमी व्हायला ही गोळी रोज द्या."

पुन्हा गोळी! संध्याकाळी यांचं ताट आधी दूर सरकवलं, मगच ती यांच्यापुढं धरली.

यांनी ती निरखून पाहिली. "बाईंनी दिलीया न्हवं?"

"व्हय," मी खोटंच बोलले.

लगेच गिळली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. असं हसले कसे हो तिच्याकडं बघून? उद्याही तिचंच नाव सांगावं लागणार. सांगेन.