आईनं विडी कधी ओढली न्हाई

आबा,

आईचे कपडे न्यायला आले होते. तुमी कापूस घेऊन जवळा बाजारला गेलात आन् फोन इथं उशाखालीच वाजून राहिला, म्हणून लिहून ठेवते. सकाळी तुमी गेल्यावर आईला दम लागला. वसमतच्या दवाखान्यात वाफ देऊनबी उतरला न्हाई. आता ऑक्सिजन लावून नांदेडला हलवायलेत. मामा तिच्यापाशी हायेत.

डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आन् तिला विचारलं, "मावशी, विडी कधीपासून ओढता?" एवढ्या तकलीफीतबी आई हसली. म्हणली, "विडी न्हाई रे लेकरा, मी निस्ती चूल फुकली."

मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. चुलीत जाळतो त्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुरात डोळ्याला दिसत न्हाईत इतके बारीक कण असतेत म्हणे. ते फुफ्फुसात खोल जाऊन बसतेत, तिथल्या पेशी सुजतेत, मरतेत. आईच्या फुफ्फुसात आता चांगली जागा थोडीच राहिली. "पहिल्यासारखं व्हायचं न्हाई, घरच्यांना बोलावून घ्या," म्हणले.

आईला हे सांगितलं न्हाई. तुमीबी तिच्यापुढं रडू नका. फोन घेऊन नांदेडच्या गाडीत बसा, मी तिथल्या स्टँडवर घ्यायला येते.

टोपल्यात भाकरी हायेत. सकाळी खोकत खोकत तिनंच केल्या. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सरकवून ती सारखं विचारून राहिली, "तुझे आबा जेवले काय गं?" मी व्हय म्हणलं. तेवढं खरं करा आबा. दोन घास खाऊनच निघा.

प्रतिक्षा