खुल्या ड्रायव्हरचे सत्तावीस दिवस

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
अखेर सत्याचा विजय! ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीने काल जाहीर केलं की यापुढे ते ओपन स्टँडर्ड पाळणार आणि लिनक्स या खुल्या सिस्टीमवर कार्ड चालवणारा खुला ड्रायव्हर द्यायला मदत करणार. नऊ महिने मी त्यांच्या साइटवर तक्रार लावून धरली होती. जग म्हणायचं पालथ्या घड्यावर पाणी. घ्या आता.
संकल्प: आजपासून या घरात बंद ड्रायव्हर चालणार नाही. ज्याचा कोड आपल्याला वाचता येत नाही तो आपल्या मशीनमध्ये नको. मशीन तसं बायकोचं आहे. अजून न बांधलेल्या इमारती आतून कशा दिसतील याच्या फिल्म ती आर्किटेक्ट लोकांना करून देते. पण घर दोघांचं, तर तत्त्वही दोघांचं.
तिला सांगितलं. ती म्हणाली, चौदा तारखेनंतर कर. चौदाला तिला लहान मुलांच्या हॉस्पिटलची फिल्म द्यायची आहे. स्वतःच्या नावावर मिळालेलं पहिलं मोठं काम. मी म्हटलं, अगं, दोन तासांचं तर आहे. ती म्हणाली, तुझे दोन तास मला माहीत आहेत. आणि आंघोळीला गेली.
शुभस्य शीघ्रम्. सुरू केलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
स्क्रीन काळी. हे अपेक्षितच होतं. कंपनीची घोषणा नीट वाचली. नव्या कार्डांना ड्रायव्हर आत्ता, जुन्यांना 'लवकरच'. आमचं कार्ड चार वर्षांचं, म्हणजे ऐन उमेदीतलं. त्याला जुनं कोण म्हणेल?
तिच्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर सुखरूप आहेत. तसं तिला तीनदा सांगितलं. तिने चौथ्यांदा विचारलं.

४ मार्च, मंगळवार.
स्क्रीन आली! फक्त सगळं हिरवं दिसतंय. तिच्या हॉस्पिटलचा पूर्ण वॉर्ड हिरवा, खाटा हिरव्या, खिडकीबाहेरचं आकाशही हिरवं. मी म्हटलं, हॉस्पिटलं हिरवीच असतात की. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. बघणं बरं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार.
लायब्ररीतून रजा घेतली. तिथले अकरा कॉम्प्युटर मी सांभाळतो. मोठ्या बाईंनी कारण विचारलं. घरी तातडीचं आहे म्हटलं. कोण आजारी आहे विचारलं. ग्राफिक्स कार्ड म्हणालो. रजा दिली, पण तोंड वाकडं करून.
फोरमवर 'घुबड' नावाचा एक आगाऊ माणूस आहे. त्याने लिहिलं, तुमचं कार्ड यादीत नाही, उगाच डोकं फोडू नका, बंद ड्रायव्हर टाका, दहा मिनिटांत मोकळे व्हाल. फितूर! रागाच्या भरात हे बायकोला वाचून दाखवलं. ही चूक झाली. ती म्हणाली, म्हणजे दहा मिनिटांत होतं?
तत्त्वाचा प्रश्न आहे, मी म्हणालो. तत्त्व तुझं, काम माझं, ती म्हणाली. शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली.

८ मार्च, शनिवार.
प्रचंड प्रगती. हिरवा गेला. फिल्म चालते, म्हणजे दर अकरा सेकंदांनी एक पाऊल पुढे सरकते. पंखा मात्र असा कोकलतो की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन विचारलं, पीठ दळताय का.
बायको दुपारभर शेजारच्या स्टुलावर गालाला हात लावून बसली होती. तिला गोडी लागत्येय असं दिसतं. जेवलास का विचारलं. एक मिनिट म्हटलं. नंतर पाहिलं तर स्टूल रिकामं आणि ताटावर ताट झाकलेलं.
नवी मुदत: सोमवार. घोडामैदान जवळ आहे.

१० मार्च, सोमवार. दुपारी २.
बायकोने फार समंजस निर्णय घेतला. काही दिवस भावाकडे जातेय. मेहुणा दातांचा डॉक्टर आहे, दवाखान्यामागे त्याची एक खोली रिकामी असते. तिला शांतता हवी, मला मोकळीक. दोघांचाही फायदा.
मी सकाळी अर्ध्या तासासाठी लायब्ररीत जाऊन आलो, तेवढ्यात तिने बॅग भरलीसुद्धा. निघताना दाराशी उभी राहून दोन-तीन गोष्टी विचारल्या. माझ्या लॅपटॉपवर कोड बांधला जात होता, ब्याण्णव टक्के झालं होतं, मान वळवता येत नव्हती. सगळ्याला हो म्हटलं. वाद नाही, रडारड नाही. संसार मुरला की असं होतं.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०.
झालं! झालं!! झालं!!!
काल संध्याकाळी दोनशे चौदावी ओळ बदलली आणि मशीन परत सुरू केलं, तेव्हापासून स्क्रीन स्थिर आहे. लखलखीत रंग. पंखा गप्प. तापमान एकतीस, जे पूर्वी नव्वदला भिडायचं. एका ओळीत! जे कंपनीच्या इंजिनिअरांना जमलं नाही ते मी स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर करून दाखवलं.
फोरमवर टाकलं. सहा जणांनी अभिनंदन केलं. घुबडाने विचारलं, मशीन कार्डचं नाव काय दाखवतंय? जळतो मेला. उत्तर दिलं नाही.
बायकोला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला: झालं, ये.

१३ मार्च, गुरुवार.
फिल्म अजून हळू चालते. आधीपेक्षाही हळू. पण किती शांतपणे! वेग काय, येईल. आधी स्थैर्य.
मेसेज तिने वाचलाय. कामात असेल.

१४ मार्च, शुक्रवार.
आज तिची फिल्म द्यायची होती. शुभेच्छा पाठवल्या, आणि आपलं मशीन दोन दिवसांत पूर्ण तयार होईल हेही कळवलं. तिला तेवढाच धीर.
चहा करायला गेलो तर साखरेचा डबा सापडेना. पाऊण तास शोधला. बिनसाखरेचा प्यालो. तब्येतीला बराच.

१६ मार्च, रविवार.
कंपनीला नऊ पानी अहवाल पाठवला. 'एका ओळीतून मुक्ती' असं शीर्षक दिलं.
मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावजी, दात दुखत नसला तरी एकदा येऊन जा. मी म्हटलं, सध्या फार गडबड आहे. तो म्हणाला, बघा बुवा. डॉक्टर लोकांना कोड्यात बोलायची सवयच असते.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ११.
घुबडाने पुन्हा लिहिलं, बाबा रे, एकदा डबा उघडून बघ. सहाच्या सहा जणांसमोर! म्हटलं, फोटो काढून याच्या तोंडावर मारतो. मशीनचं झाकण काढलं.
कार्ड नाही.
जागा रिकामी. आत एक पाकीट चिकटवलेलं, त्यावर तिच्या अक्षरात 'स्क्रू', आत दोन स्क्रू.
स्क्रीनची वायर तिने मदरबोर्डला लावून ठेवलेली, मशीन कार्डाशिवाय त्याच्याच साध्या ग्राफिक्सवर चालू होतं. म्हणून पंखा गप्प. म्हणून एकतीस. लोकांची काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत होते. माझ्या काखेत कळसाच नव्हता आणि मी नऊ दिवस गावाला वळसे घालत होतो.

त्याच दिवशी, ११.३०.
फोन केला. या वेळी उचलला. मी ओरडलोच, निदान सांगून तरी न्यायचं! ती म्हणाली, तू लायब्ररीत असताना काढलं, पण नेण्याआधी विचारलं. दाराशी. कार्ड नेऊ का विचारलं, तू हो म्हणालास. बरेच दिवस लागतील, चालेल का, तू हो म्हणालास. मग विचारलं, की मी परत आलेच नाही तर चालेल का. तू हात वर करून म्हणालास, हो हो.
मी म्हटलं, अगं, ब्याण्णव टक्के झालं होतं. ती म्हणाली, माहितेय. म्हणून शंभर होईपर्यंत थांबले होते मी. बॅग हातात धरून. शंभर झालं, आणि तू पुन्हा पहिल्यापासून लावलंस.
मी फोन ठेवला नाही. तिनेही फोन ठेवला नाही. मागे दात कोरायचं मशीन चालू होतं, ते बराच वेळ ऐकत बसलो.

२३ मार्च, रविवार.
दवाखान्यात गेलो. दाढी केली होती. तीन मुद्द्यांचं भाषण पाठ केलं होतं: माफी, बंद ड्रायव्हरला परवानगी, घरी चल.
मागच्या खोलीत जबड्यांच्या एक्स-रेंच्या थप्प्यांशेजारी तिने भावाच्या जुन्या मशीनमध्ये कार्ड बसवलंय. बंद ड्रायव्हर टाकून. फिल्म वेळेत दिली, पसंत पडली, तिला आणखी दोन कामं मिळाली. मी मागितलं नव्हतं, तरी तिने फिल्म लावून दाखवली. तीन मिनिटं. बुटक्या खिडक्या, आजारी पोराला पडल्यापडल्या बाहेरचं दिसावं म्हणून. खाटेशेजारी आईला पाय पसरता येतील अशी रुंद खुर्ची. फरशीवरून ऊन हळूहळू सरकतं. कुठेही अडकत नाही. चार वर्षं ती माझ्या हाताच्या अंतरावर हे करत होती आणि तिची एकही फिल्म मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली नव्हती.
फार सुंदर आहे म्हणालो. भाषणातलं एवढं एकच नव्हतं. मग बाकीचं घडाघडा बोललो. आजच बंद ड्रायव्हर टाकतो म्हटलं, लिनक्सच काढून टाकतो म्हटलं.
ती म्हणाली, अरे वेड्या, मला उघडं काय नि बंद काय. मी तुझ्या शेजारी बसले होते.
दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. तीन आठवडे मी पखालीलाच डागत होतो.
कधी येशील विचारलं. नाही येत, म्हणाली. रागाने नाही. राग असता तर मी काहीतरी तोडगा काढला असता. जवळच एक खोली बघितलीय म्हणाली. मग चहा दिला. साखर बरोबर होती. मेहुणा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि उगाचच म्हणाला, गार पाण्याने ठणक लागली तर सांगा.

३० मार्च, रविवार. सकाळी १०.
कंपनीचं उत्तर आलं. माणसाने लिहिलेलं, खाली नाव असलेलं. माझ्या मॉडेलला खुल्या ड्रायव्हरचा पूर्ण आधार दिलाय, नऊ महिन्यांच्या चिकाटीबद्दल आभार, कृपया आपल्या कार्डवर तपासून कळवा.
पूर्ण आधार. दोनदा वाचलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं.
उत्तर लिहिलं: कार्ड माझ्याकडे नाही, बायकोकडे आहे. बायको माझ्याकडे नाही. तपासता येणार नाही, क्षमस्व.
ते खोडलं. परक्या माणसाला कशाला त्रास? फक्त 'आता गरज उरली नाही, तक्रार बंद करावी' एवढंच पाठवलं.
सहा मिनिटांत बंद केली त्यांनी.