काच दाबू नकोस

४ नोव्हेंबर, सोमवार
भांडण झालं! झुआलाशी, म्हणजे आमच्या सर्जनशी. कारण पी रोथांगी, सगळ्यांची रोथांगीआजी, इस्पितळाच्या फाटकाबाहेरची चहावाली, चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत. तिच्या फुफ्फुसात गाठ आहे. बाहेरच्या लॅबने लिहिलंय, लहान पेशींचा कर्करोग. म्हणजे कापायचं नाही, नुसती औषधं द्यायची आणि वाट बघायची. तीच स्लाइड मी, इथली पॅथॉलॉजिस्ट, पाहिली. पेशी कसल्या — चिखल! झुआलाने काचेवर काच ठेवून ढेकूण चिरडावा तशी दाबली होती.
"पुन्हा नमुना काढ," म्हटलं.
"म्हातारीला परत नळी घालू? तुझ्या हौसेसाठी?" हसता हसता खोकला.
"आधी ती विडी सोड."
"ऐजॉलात विडी कोण सोडतो गं, बिआकी!"

६ नोव्हेंबर
पी रोथांगीच तयार झाली. "घाला नळी. पण कापायचं तर लवकर कापा. नाताळात गायचंय मला."

७ नोव्हेंबर
झुआलाच्या शेजारीच उभी राहिले. "काच दाबू नकोस! ठेव आणि नुसती सरकव."
"हो, मास्तरीणबाई!" नर्सेस खिदळल्या. हसू देत. काचेवर पेशींचा लेप झकास झाला, काच लगेच स्पिरिटमध्ये.

८ नोव्हेंबर
वा! काय पेशी! गोल, एकसारख्या, धडधाकट. फुटून दोन होणारी एकही सापडेना. लहान पेशींचा कर्करोग नव्हेच. कार्सिनॉइड! सावकाश वाढणारी गाठ, कापून काढली की बहुतेक सुटका.
"चुकलीस तर?" झुआला.
चुकलेली नाही. सही ठोकली.

१० नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये पी रोथांगीसाठी प्रार्थना. डोळे मिटले तर पेशीच दिसल्या.

२२ नोव्हेंबर
झुआलाने कापून काढलेल्या गाठीचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला — कार्सिनॉइडच! मी नाचायचीच बाकी होते. झुआला जिने चढून वर आला, धापा टाकत. हातात डबा, डुकराचं मांस आणि मोहरीचा पाला. "घे, जिंकलीस." मी चाटूनपुसून खाल्लं. त्याने घासही घेतला नाही. भूक नसते म्हणे हल्ली.

२१ डिसेंबर
गायनाच्या तालमीला पी रोथांगी आली! खुर्चीवर बसून, मध्ये मध्ये थांबत, पण गायली. मला रडू आलं. झुआलाला बोलावलं होतं, आला नाही.

२३ डिसेंबर
सकाळी माझ्या टेबलावर एक स्लाइड. खोकून काढलेल्या कफाची. नावाच्या जागी झुआलाच्या अक्षरात झुआलाचंच नाव.
पाहिली. पुन्हा पाहिली. कर्करोगच आहे.
लेप पातळ, एकसारखा. कुठेच दाबलेला नाही.