कोयमीचा शेला

कोरड्या वाऱ्याचा महिना, दिवस ३

पोचले एकदाची आरुंदेला! दोन दिवस उडत होते. मध्ये एका सुळक्यावर डुलकी काढली, तेवढीच. खांदे ठणकताहेत, पण मन इतकं खुशीत आहे की आणखी एक डोंगर सहज ओलांडला असता. राज्याच्या दप्तरखान्यात इतिहास लिहायला मला, कोयमीच्या कड्यावरच्या नेइशाला, बोलावलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी आमच्याकडची एक बाई इथं आली होती, ती परत फिरकलीच नाही. इतकी रमली म्हणतात. निघताना सगळा कडा निरोपाला जमला. ताई तेवढी कपारीतून हलली नाही, तिची दोन अंडी उबवणीला आहेत. बसल्या जागेवरून ओरडली की राजधानीत जाऊन शेफारू नकोस, भवाने, तुला मावशी म्हणणारे दोघं येताहेत.

इथल्या घरांना पायऱ्या आहेत! मला हसू आवरेना. दप्तरखान्याचे प्रमुख थेवान मला घ्यायला आले तेही धापा टाकत, पायऱ्या चढत. मी आपली भुर्रकन वर जाऊन त्यांची वाट बघत बसले. आरुंदेत उडणं जरा गावंढळ समजतात हो, असं ते घाम पुसत म्हणाले. म्हटलं, असू दे, आहोतच आम्ही गावंढळ.

माझी व्यवस्था इलुमावशी बघते. वाकलेली, पाठीवर कायम जाड घोंगडी. आल्या आल्या तिनं माझे पंख विंचरले. पाहुण्याचे पंख विंचरावेत आणि गळालेली पिसं पाहुण्यानं यजमानाला देऊन टाकावीत, ही रीत आमच्याकडेही आहे. नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. चार पिसं निघाली. मी दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत घातली. जेवायला भाजलेले टोळ आणि आंबट बोरांची पेज होती.

दिवस ७

कामात गुंगले आहे. राज्याच्या स्थापनेचं प्रकरण आज पुरं केलं. वादळी महिन्यांत म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना राजधानीपर्यंत उडवत नसे, म्हणून सात कड्यांनी ठरवलं की प्रत्येक कड्यानं एक शेला पाठवायचा. कड्यावरच्या प्रत्येकाचं एक गळालेलं पीस त्यात गुंफलेलं. तो शेला जो पांघरेल त्यानं कड्याच्या वतीनं बोलायचं, आणि त्याचा शब्द तो कड्याचा शब्द. वाचताना ऊर भरून आला. कुणी राजा नाही, कुणी प्रजा नाही, सगळ्यांची पिसं एका शेल्यात. आमचे पूर्वज शहाणेच होते.

उद्यापासून मला सभागृह बघायची परवानगी आहे. मावशी रोज सकाळी पंख विंचरते. हात फार मऊ आहे तिचा, डोळे मिटतात.

दिवस ११

आज सभा बघितली. सात दांड्या, त्यांवर सात शेले. माणसं कुठेत, असं मी थेवानना विचारलं. ते म्हणाले की माणसं भांडतात, दमतात, घरी जायचं म्हणतात. शेले तसलं काही करत नाहीत. आणि शेले बोलले. आत कुणी नसताना. सहा शेल्यांनी एकेक करून एका ठरावाला हो म्हटलं आणि माझ्या मानेवरचा पिसारा ताठ झाला. कोयमीचा शेला गप्प होता, नुसता घोगरा श्वास ऐकू येत होता. फार जुना झालाय, आता डागडुजी चालली आहे, असं थेवान म्हणाले.

जवळ जाऊन बघितलं. गळ्याशी नवी पिसं गुंफली आहेत, राखाडी, कडेला तांबूस. माझी. मला तेव्हा अभिमान वाटला. आईशप्पथ, अभिमान वाटला.

दिवस १५

तळपायाची आग मस्तकाला गेली आहे. पुढच्या सभेचा ठराव माझ्या हाती लागला. आरुंदेत नव्या पायऱ्या बांधायच्या आहेत आणि त्यासाठी कोयमीचा कडा फोडून दगड काढायचा आहे. पायऱ्या! यांना उडायचा कंटाळा आणि आमच्या कपारींवर घण. संमती मिळाली की याच महिन्यात काम सुरू, आणि या महिन्यात प्रत्येक कपारीत अंडी आहेत. अंडी हलवली की आतला जीव मरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

थेवानांपुढे जाऊन तोंडाला येईल ते बोलले. ते बोरं खात होते. मला म्हणाले की बाई, एवढं काय अंगावर येता, कोयमीच्या संमतीशिवाय काही होतं का, कायदा आहे ना. आणि हसले.

संध्याकाळी आरशात पंख बघितले. पिसं झडायचा हा ऋतू नव्हे, तरी डावा पंख निम्मा उघडा. मावशीला बजावलं, उद्यापासून फणी लावायची नाही. ती रडायला लागली.

दिवस १८

जुन्या दप्तरात सापडलं. स्थापनेनंतर साठ वर्षांनी एक दुरुस्ती झाली. शेला पांघरायला माणूस असण्याची गरज नाही. शेल्याला वाचा राहावी म्हणून त्या त्या कड्याच्या एका माणसाची पिसं पुरेत, मात्र ती त्यानं आपल्या हातानं दिलेली हवीत. खाली प्रत्येक कड्याच्या माणसांची नावं. ही काय दुरुस्ती झाली? ही चोरी आहे, पाहुणचाराच्या नावाखाली केलेली. कोयमीपुढे शेवटचं नाव, चाळीस वर्षांपूर्वीचं, इलुबारी.

मी धावत जाऊन मावशीची घोंगडी ओढली. पाठीवर दोन वाळकी हाडं. एक पीस नाही.

ती ओरडली नाही. कोयमीच्याच बोलीत म्हणाली, “मी कधी हो म्हटलं नव्हतं गं पोरी. माझा आवाज म्हणायचा.” मग तू मला का विंचरलंस, म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली. घरी धाडतो म्हणाले होते, एवढंच ती पुटपुटत राहिली.

मारायला नको होतं. पण अजून हात शिवशिवतोय.

दिवस २०

उडायला गेले. गच्चीवरून. चार फडफडाटांत खाली, त्यांच्याच पायऱ्यांवर आपटले. गुडघा फुटला. येणारे-जाणारे बाजूनं गेले, कुणी थांबलं नाही.

निरोप न्यायला कुणी तयार नाही. कारकुनांना विनवलं, शिव्या दिल्या. सगळ्यांच्या पाठीवर घोंगड्या. आधी कशा दिसल्या नाहीत मला?

दुपारी सभागृहात कुणीतरी बोलत होतं. ठरावाचे शब्द, पुन्हा पुन्हा, घोकल्यासारखे. दाराला कान लावला. माझा आवाज.

दिवस २१

शेला फाडायला गेले. एक पीस उपटलं — माझ्या खांद्यातून रक्त. दुसरं उपटलं — शुद्ध गेली. जाग आली तेव्हा दोन्ही पिसं पुन्हा जागच्या जागी.

आज बोलताना माझा आवाज बसतोय. सकाळी पाणी मागायला तीनदा —

उद्या सभा. पायी कोयमी अकरा दिवस. ताईची अंडी उबायला नऊ.

एक वाट आहे. मूळ कायदा कुणी रद्द केलेला नाही. गरज नाही एवढंच लिहिलंय. शेल्यात माणूस असेल तर बोलायचं त्या माणसानंच. जाते.

दिवस २२

शेल्यात बसून लिहिते आहे. आत ऊब आहे, कुणी मागून मिठी मारल्यासारखी. किळस येते.

थेवाननं मला बघितलं. अडवलं नाही. का अडवलं नाही मेल्यानं?

पहिला कडा — हो. दुसरा — हो. अरे, दगड आमचा आणि हो म्हणणारे तुम्ही कोण!

पाच झाले. सहा —

कोयमीचं नाव घेतलं. मी ओरडले. पूर्ण जीव काढून ओरडले. नुसती हवा.

आणि गळ्याशी, माझ्याच आवाजात, लाडात आल्यासारखं — कोयमीची आनंदानं संमती आहे.

टाळ्या वाजवताहेत. हलकटांनो. चोरांनो. मी नाही म्हटलं. हे अक्षर माझं आहे, हात अजून माझा आहे. कोयमीचं उत्तर नाही आहे. वाचणारा जो कोणी असेल त्यानं कोयमीला जावं, आत्ता, उडत — ताईला सांगावं की ते बोलणं माझं — बोटं आखडताहेत — नाही. लिहिते. कोयमी, नाही. नेइशा, नाही. ना