कोन हाईस तू?

मिरज, १९६४

आबा,

बनूआक्का बाळंतपनात गेली आन् तिचं वरीसबी सरलं न्हाई, तवर तुमी दाजींसंगं माजी सुपारी फोडाय बसला. पावन्यांनी इचारलं, "पसंत हाय न्हवं, पोरी?" तवाच माजी वाचा गेली. पोरगी लाजली म्हनून समदी हसली आन् सुपारी फुटली.

म्हयना झाला तरी मी बोलंना, तवा बनूआक्कानंच धरलंय म्हनून तुमी मला पाटनच्या देवऋष्यापुढं बसवलं. मिरच्यांची धुरी देत त्यो वरडायचा, "कोन हाईस तू? बोल!"

शेवटी मावशीनं हितं डॉक्टरीनबाईकडं आनलं. बाई रोज जवळ बसवून पाटीवर मनातलं लिव्हाय लावायच्या. लय दिसांनी मी लिव्हलं, "मला दाजी नगं व्हतं."

बाई म्हनाल्या, "नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून तुझ्या मनानं तुझ्याही नकळत गळाच बंद केला."

मी रडाय लागले, आन् रडता रडता आवाज फुटला.

ह्ये पत्र टाकनार न्हाई. वाचा आली कळलं, तर तुमी लगोलग लगीन धराल. त्या देवऋष्याचा मातुर राग न्हाई. मी कोन, ह्ये जल्मात मला त्यानं एकट्यानंच इचारलं.

तुमची जित्ती लेक,
जाई