दुसरा प्रिंटर

सोमवार, ४ तारीख
नवं घर, नवी नोकरी. खाली वाचनालय, वर आमच्या दोन खोल्या. जिना उतरला की कामावर हजर. भिंतभर पुस्तकं. लेक म्हणाली, आई, तुला वाचायचा पगार मिळतोय, कुणाला सांगू नकोस. हे गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली.

मंगळवार, ५
लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्याला नवा बिनतारी प्रिंटर जोडायचा होता. दिवा लुकलुकेपर्यंत वाय-फायचं बटण दाबलं, मग राउटरचं. लेक म्हणाली, थांब, तो आपणहून सापडतो. सापडले दोन, एकाच नावाचे. पहिल्यावर पाठवलेलं चाचणीचं पान लगेच निघालं. दुसऱ्यावर पाठवलं, ‘छापून झालं’ म्हणे, पण ट्रे रिकामा. लेक म्हणाली, काढून टाक तो, नसती ब्याद. मी राहू दिला. यांचा नंबरसुद्धा मोबाइलमधून अजून पुसलेला नाही. नावं पुसणं मला जमत नाही.

गुरुवार, ७
स्कॅन करताना चुकून दुसरा निवडला. पडद्यावर हाताचा एक पंजा आला, काचेवर दाबलेला. आमच्या प्रिंटरच्या काचेवर काहीच नव्हतं. वेड्यासारखी मी यांचा हात उंचावलेला फोटो त्या दुसऱ्यावर छापायला पाठवला, खाली लिहिलं : अहो, तुम्हीच ना?

शुक्रवार, ८
आज पंज्याची करंगळी वाकडी. दारात चेमटून यांची झाली होती तशीच. दुपारभर बघत बसले, रडले. लेक चिडली. आई, काच आहे ती, काहीही दिसेल, असं म्हणून तिनं स्वतःचा हात ठेवून स्कॅन करून दाखवला. घाईत तिनंही दुसराच निवडला होता.

शनिवार, ९
यांची वाकडी करंगळी डाव्या हाताची. पडद्यावरचा पंजा उजवा आहे. समोर उभं राहून कुणी नक्कल करावी तसा.
हे यांचं नाही. फोटो बघून शिकलंय.

सोमवार, ११
प्लग काढला. वाय-फाय बंद. यादीत दुसरा तरीही ‘तयार’.
आज पुसणार होते. त्याआधी एकदाच बघितलं — लेकीचा पंजा. मनगटावर इस्त्रीचा चटका. डाव्या मनगटावर, तिचा आहे तिथेच. मागे तिचा चेहरा, काचेला चिकटलेला. तोंड उघडं. काच बडवतेय —
तिला फोन लावला. वर, खोलीत वाजतोय —
जिन्यावर पावलं. आई, म्हणाली. आवाज तिचाच. कठड्यावर उजवा हात. चटका त्याच्यावर —
लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून वहीत लिहितेय. ती शेजारी येऊन बसली. गोड बोलतेय. म्हणते, दे इकडे, तुला नाही जमायचं, मी काढते तो —
हात धरला तिचा. गुळगुळीत. एकही रेघ नाही —
पडद्यावर माझी पोर अजून —
पुसायच्या बटणावर ती बोट ने